संवाद नसलेली भूमिका: कार्लॉफ आणि प्रेमनाथ
चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला संवाद थोडे येतात; कधी येतच नाहीत. लंडनमध्ये जन्मलेले बोरिस कार्लॉफ हॉलिवूडमध्ये दहाहून अधिक वर्षे किरकोळ भूमिका करत होते. 'फ्रँकेन्स्टाईन' (१९३१) मधल्या राक्षसाने त्यांना ओळख दिली, तेव्हा ते चव्वेचाळिशीला टेकले होते. राक्षसाला एकही वाक्य नव्हते. गुरगुर, जड पापण्या आणि चाचपडणारे हात, एवढ्यावरच प्रेक्षकाला त्याची कीव येते.

जबलपूरच्या एम्पायर चित्रपटगृहाचे मालक प्रेमनाथ यांचा प्रवास उलटा: 'बादल' (१९५१) चे नायक पुढे चरित्र भूमिकांकडे वळले. 'बॉबी'तला गोव्याचा कोळी भरपूर बोलतो. 'कर्ज' (१९८०) मधला सर जुडा मात्र मुका. तो पेल्यावर बोटे वाजवतो आणि हस्तक अर्थ सांगतो. (हे दृश्य अभ्यासताना आवाज बंद करू नका.)