गुन्हेगारी कादंबरी, दूरचित्रवाणी रूपांतर आणि चाहत्याचा आस्वाद : इन्स्पेक्टर मॉर्सच्या संदर्भात

प्रस्तावना

रहस्यकथेच्या वाचकाविषयी समीक्षाव्यवहारात एक समजूत दीर्घकाळ रूढ आहे. हा वाचक केवळ उत्तरासाठी वाचतो, खुनी कोण हे कळले की पुस्तक मिटतो आणि पुन्हा त्याकडे वळत नाही, अशी ती समजूत होय. ती खरी असती तर गुन्हेगारी कादंबरीवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकेला त्या कादंबरीचा वाचक प्रेक्षक म्हणून लाभलाच नसता, कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. प्रत्यक्षात कादंबरी जवळजवळ पाठ असलेला वाचकच मालिकेपुढे सर्वांआधी येऊन बसतो, भाग संपल्यावर पुन्हा कादंबरी उघडतो आणि काय गाळले, काय बदलले याचा हिशेब मांडतो. या वर्तनाचा उलगडा करण्यासाठी प्रस्तुत लेखात कॉलिन डेक्स्टर यांच्या इन्स्पेक्टर मॉर्स या व्यक्तिरेखेचा विचार केला आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की येथे कादंबरीने मालिका घडवली, तशीच मालिकेनेही कादंबरी घडवली.

लेखक आणि त्याचे कोडे

डेक्स्टर (१९३०–२०१७) हे मूळचे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक. श्रवणशक्ती क्षीण होत गेल्यामुळे १९६६ मध्ये त्यांना अध्यापन सोडावे लागले. त्यानंतर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या परीक्षा मंडळात त्यांनी निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९८८ पर्यंत, काम केले. वेल्समधील एका पावसाळी सुटीत हाती लागलेली रहस्यकथा सुमार वाटली आणि याहून बरे आपण लिहू शकू या विचाराने त्यांनी लेखणी उचलली. पहिली कादंबरी ‘लास्ट बस टू वुडस्टॉक’ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९९ पर्यंत मॉर्सच्या एकूण १३ कादंबऱ्या आल्या. डेक्स्टर हे शब्दकोड्यांचे निष्णात सोडवणारे होते. मॉर्स आणि त्याचा सहकारी सार्जंट लुईस यांची नावेही त्यांनी कोड्यांच्या स्पर्धांतील आपल्या नामांकित प्रतिस्पर्ध्यांवरूनच घेतली.

हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. इंग्रजी गूढ शब्दकोड्यातील सूचक वाक्याला दोन अर्थ असतात. एक वरवरचा, वाचकाला भलतीकडे नेणारा. दुसरा खरा, त्याच शब्दांत उघड्यावर ठेवलेला. डेक्स्टर यांच्या कादंबरीची रचना नेमकी अशी आहे. पुरावा लपवलेला नसतो, तो चुकीच्या अर्थाने वाचला जातो. आणि मॉर्सही तो अनेकदा चुकीच्याच अर्थाने वाचतो. तो एक भव्य उपपत्ती उभारतो, ती कोसळते, मग दुसरी उभारतो. ‘द सायलेंट वर्ल्ड ऑफ निकोलस क्विन’ (१९७७) या कादंबरीत परीक्षा मंडळातील एक कर्णबधिर कर्मचारी ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखतो आणि त्यातूनच अनर्थ ओढवतो. प्रश्नपत्रिका फुटण्याचे हे कथानक महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाला परके वाटण्याचे कारण नाही. मात्र त्यामागे लेखकाचा स्वतःचा बहिरेपणा आणि स्वतःची कचेरी आहे, हे कळल्यावर वाचन बदलते. अशा कादंबरीचे दुसरे वाचन पहिल्याहून अधिक समृद्ध होते, कारण उत्तर ठाऊक असलेल्या वाचकाला प्रत्येक वाक्याचे दोन्ही अर्थ एकाच वेळी दिसू लागतात. चाहता पुन्हापुन्हा परततो तो या दुहेरी दृष्टीसाठी.

पडद्यावरील मॉर्स

जानेवारी १९८७ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘इन्स्पेक्टर मॉर्स’ ही मालिका सुरू झाली. जॉन थॉ मॉर्स झाले, केव्हिन व्हेटली लुईस. २००० पर्यंत ३३ भाग प्रक्षेपित झाले आणि प्रत्येक भाग जाहिरातींसह दोन तासांचा होता. दूरचित्रवाणीवरील पोलीसकथा त्या काळी साधारण तासाभरात आटोपत असे. येथे मात्र लांबीमुळेच ऑक्सफर्डच्या गल्ल्या, महाविद्यालयांची प्रांगणे, ऑपेराचे संगीत आणि मॉर्सचे एकाकी घर यांना कथानकाइतकाच अवकाश मिळाला.

माध्यमांतरात काही गोष्टी हरवणे अटळ होते. कादंबरीतील निवेदक एखादी महत्त्वाची बाब मधल्या वाक्यात सहज पुरून टाकू शकतो. कॅमेऱ्याला वस्तू दाखवावी लागते आणि दाखवली की ती लक्षात येते. शिवाय छोट्याशा भूमिकेत मोठा नट दिसला की तोच खुनी असणार, हा अंदाज कोणताही मुरलेला प्रेक्षक बांधतो. कादंबरीपुढे असा प्रश्न उद्भवत नाही. हरवलेल्याची भरपाई करण्याचा प्रयत्न मालिकेने आपल्या परीने केला. संगीतकार बॅरिंग्टन फेलाँग यांनी शीर्षकसंगीताच्या लयीत मॉर्स या नावाची अक्षरे मॉर्स लिपीत गुंफली. काही भागांच्या पार्श्वसंगीतात खुन्याचे किंवा दिशाभूल करणारे नावही त्यांनी पेरले. स्वतः डेक्स्टर बहुतेक भागांत क्षणभर कोठेतरी दिसून जातात आणि त्यांना शोधणे हा चाहत्यांचा एक खेळच होऊन बसला. कोडे शब्दांतून गेले, ते स्वरांत आणि चित्रचौकटीत आले.

मूळ कोणते आणि रूपांतर कोणते

खरा गुंतागुंतीचा भाग येथून सुरू होतो. पहिल्या कादंबरीतील लुईस वेल्सचा आहे, मुष्टियुद्ध खेळलेला आहे आणि वयाने मॉर्सहून मोठा आहे. व्हेटली यांनी साकारलेला लुईस तरुण, इंग्लंडच्या ईशान्येकडचा, संसारी. मॉर्सचे मद्यपान, वाग्नरप्रेम, व्याकरणाविषयीचा काटेकोरपणा आणि प्रेत पाहताच होणारी घालमेल या गोष्टी मालिकेने जपल्या. परंतु सुरुवातीच्या कादंबऱ्यांतील त्याची लँचिया मोटार जाऊन लाल जॅग्वार आली आणि त्याच्या नजरेतील लंपटपणाची जागा एका उदास सभ्यतेने घेतली. यानंतर डेक्स्टर यांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांत लुईस पडद्यावरील लुईससारखा झाला आणि मॉर्सही जॅग्वार चालवू लागला. लेखकाने आपल्या पात्राची ओळख नटाकडून उसनी घेतली, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

याहून पुढची पायरीही आहे. मालिका सुरू झाली तेव्हा अवघ्या सात कादंबऱ्या उपलब्ध होत्या. त्या पुरणार नव्हत्या. ‘द वुल्व्हरकोट टंग’ हा भाग डेक्स्टर यांच्या कल्पनेवरून १९८७ मध्ये प्रथम पडद्यावर आला आणि त्याच द्रव्यातून ‘द ज्युएल दॅट वॉज अवर्स’ ही कादंबरी १९९१ मध्ये सिद्ध झाली. येथे मूळ कृतीशी निष्ठा हा माध्यमांतराच्या चर्चेतील लाडका निकष निरुपयोगी ठरतो. वर्गात तो अजूनही सर्रास वापरला जातो, ही खेदाची बाब आहे.

चाहत्यांनी हे बदल स्वीकारले. कथानकातील फेरफारांविषयी ते उदार असतात, स्वभावाविषयी मात्र कठोर. मॉर्सने लुईसला बिअरचे पैसे द्यायला लावणे चालते, किंबहुना तसे घडावेच लागते. तो अचूक आणि अजिंठ्य तपासनीस झालेला चालत नाही. ‘द रिमोर्सफुल डे’ (१९९९) या अखेरच्या कादंबरीत मॉर्स मरण पावतो. तिच्यावरील भाग नोव्हेंबर २००० मध्ये प्रक्षेपित झाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये जॉन थॉ यांचेही निधन झाले. त्यानंतर ‘लुईस’ (२००६–२०१५) आणि तरुण मॉर्सवरील ‘एंडेव्हर’ (२०१२–२०२३) या मालिका आल्या. दुसरीत थॉ यांची कन्या अ‍ॅबिगेल यांनी डोरोथिया फ्रॅझिल या संपादिकेची भूमिका केली. फ्रॅझिल म्हणजे पाण्यात तयार होणारे बर्फकण. आद्याक्षर जोडले की बर्फ घालवणे असा ध्वनी निघतो आणि थॉ या शब्दाचा अर्थच वितळणे. हे कोडे पटकथाकाराने रचले ते कोणासाठी, हे वेगळे सांगावयास नको.

ब्योमकेशचा दाखला

महाराष्ट्रातील प्रेक्षकाला याच अनुभवाची उलट बाजू परिचित आहे. शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांच्या ब्योमकेश बक्षीवरील बासू चॅटर्जी दिग्दर्शित हिंदी मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित. हा लेखक चित्रपटलेखनासाठी १९३८ मध्ये मुंबईस आला आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाला. शिवकाळाच्या पार्श्वभूमीवर त्याने सदाशिव नावाच्या मुलाच्या कथाही लिहिल्या. तरीही बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी ब्योमकेशला प्रथम पाहिले आणि अनुवादांतून वाचले ते नंतर.

‘सत्यान्वेषी’ ही अजित आणि ब्योमकेश यांच्या पहिल्या भेटीची कथा. तीत ब्योमकेश अतुल हे नाव धारण करून कोलकात्याच्या एका मेसमध्ये अजितच्या खोलीत राहावयास येतो आणि निवेदक असलेल्या अजितला तो कोण हे ठाऊक नसते. नवख्या बंगाली वाचकाला तो उलगडा धक्का देणारा होता. मालिका पाहून पुस्तकाकडे आलेल्या वाचकाला अतुल दारात उभा राहताक्षणीच रजित कपूर दिसतात. धक्का उरत नाही. पण आपल्यासमोर बसलेला माणूस अजितला कसा ओळखता येत नाही, हे तो ओळीओळीने पाहत राहतो.