जाहिरातीचा पैसा आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची खेळाडूभरती

अमेरिकन फुटबॉलमधील गुणी शालेय खेळाडू मिळविण्यासाठी तेथील विद्यापीठांत पूर्वापार चुरस असते. मात्र त्यांना उघडपणे देता येई ती मुख्यतः शिष्यवृत्तीच. कारण 'हौशीपणा' हे एनसीएए या नियामक संस्थेचे मूलतत्त्व होते. (सामन्यांच्या प्रक्षेपणातून कोट्यवधी डॉलर मिळत, ही गोष्ट अलाहिदा.) जून २०२१ मध्ये अ‍ॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या विरोधात एकमताने निर्णय दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी व लौकिक यांचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली.

हेतू जाहिरातीचा होता. व्यवहार निराळाच झाला. देणगीदारांनी 'कलेक्टिव्ह' नावाचे निधिसमूह उभारले आणि रक्कम जाहिरातमूल्यापेक्षा संघाच्या निवडीवर ठरू लागली. असे प्रलोभन नियमबाह्य होते. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने त्या नियमाच्या अंमलबजावणीस मनाई केली.

त्यातच २०२१ मध्ये पहिल्या संघांतरानंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली. साहजिकच कोवळ्या मुलास चार वर्षे घडविण्यापेक्षा अन्य विद्यापीठातील कसलेला खेळाडू आणणे प्रशिक्षकांस सोयीचे वाटू लागले. याची खरी झळ मध्यम गुणवत्तेच्या शालेय खेळाडूस बसते. फुटबॉल हाच ज्याचा उच्चशिक्षणाचा मार्ग, त्याची जागाच आक्रसते.

हाउस खटल्यातील तडजोडीनुसार १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. वेतनसदृश रक्कम घेणाऱ्या या विद्यार्थ्यास कर्मचारी मानण्याचे मात्र तडजोडीने टाळले आहे.