पेशीबाह्य आधारद्रव्य आणि कर्कपेशींचे स्थलांतर

नांदगाव खंडेश्वर असो वा वऱ्हाडातील अन्य कोणतेही तालुक्याचे गाव, सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा चघळणारी माणसे तेथे आढळतात. सुपारीच्या नित्य सेवनाने कित्येकांच्या गालाची आतील त्वचा पांढुरकी व ताठ होते, तिखट सोसत नाही आणि पुढे तोंड पुरते उघडेनासे होते. या विकारास अधःश्लेष्मल तंतुमयता म्हणतात. पेशींभोवतीची प्रथिने कर्करोगाच्या वाटचालीत कोणता भाग घेतात, हे समजून घेण्यास याहून जवळचे उदाहरण आपणांस क्वचितच मिळेल.

श्वार्ट्झ यांनी १९५२ साली केनियातील पाच भारतीय स्त्रियांत हा विकार वर्णिला. १९५३ साली मुंबईचे एस. जी. जोशी यांनी त्याची स्वतंत्र नोंद केली. पुढे एर्नाकुलम जिल्ह्यातील रुग्णांचे सतरा वर्षे निरीक्षण केले असता त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांत मुखकर्करोग उद्भवल्याचे आढळले. म्हणजे हा केवळ तोंड आखडण्याचा विकार नव्हे, तर ती कर्कपूर्व अवस्था होय.

निरोगी श्लेष्मल त्वचेत वरच्या पेशी एका पातळ अधःस्तर पटलावर उभ्या असतात. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजेन ही त्याची प्रमुख घटकद्रव्ये. त्याखाली पहिल्या व तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे तंतू, फायब्रोनेक्टिन इत्यादींचे सैल जाळे असते. हे जाळे निर्जीव भरणा नव्हे. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली इंटेग्रिन नावाची प्रथिने बाहेरून या तंतूंना धरतात आणि आतून पेशीच्या ॲक्टिन-सांगाड्याशी जोडलेली असतात. त्यामुळे बाहेरील ताण आत पोहोचतो व पेशीचा आकार, विभाजन आणि हालचाल यांवर परिणाम करतो.

सुपारी या व्यवस्थेत तीन ठिकाणी हस्तक्षेप करते. तिच्यातील अरेकोलीन तंतुजनक पेशींना उत्तेजित करते. टॅनिने कोलॅजेनला विघटक विकरांपासून वाचवितात. आणि तांबे हे लायसिल ऑक्सिडेज या विकराच्या कार्यास आवश्यक असल्याने कोलॅजेन-तंतूंमधील आडबंध वाढण्यास साहाय्य होते. निर्मिती अधिक, विघटन कमी आणि बंध पक्के, असा हा तिहेरी परिणाम होय.

येथे एक शंका सहज उद्भवते. असा दाट थर कर्कपेशींना भिंतीप्रमाणे अडविणार नाही काय? काही अंशी अडवितो. पेशीचे केंद्रक तिच्या इतर भागांहून टणक असल्याने अतिसूक्ष्म छिद्रांतून ते जाऊ शकत नाही. परंतु कर्कपेशी मेटॅलोप्रोटिनेज विकरांच्या योगे तंतू छेदून वाट रुंद करते. शिवाय कठीण तंतूंवर इंटेग्रिनांची पकड घट्ट होते. पुढचे टोक चिकटते, ॲक्टिन-मायोसिनचे आकुंचन शरीर पुढे ओढते आणि मागचे टोक सुटते. तंतू एका दिशेने ताणले गेले असल्यास त्यांच्या कडेने पेशी लांबट होऊन सरकते. भिंत तीच, पण तिचाच मार्ग होतो.

२००९ साली उंदरांच्या स्तनग्रंथींवर झालेल्या प्रयोगांत लायसिल ऑक्सिडेजने वाढविलेले आडबंध ऊतक कठीण करतात व अर्बुदाची आक्रमकता वाढवितात, असे दिसून आले. हा निष्कर्ष मुखाला जसाच्या तसा लावता येणार नाही; कारण तेथे सुपारी व तंबाखूतील कर्कजनक द्रव्यांचा वरच्या पेशींवर थेट मारा चालू असतो. तथापि बीज व भूमी यांचा एकत्र विचार करावा, हे स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली मांडलेले सूत्र येथे सार्थ ठरते. कपाशीचे बी जमिनीच्या पोताविना समजत नाही, हे वऱ्हाडच्या अभ्यासकांस वेगळे सांगावयास नको.

यातून व्यावहारिक निष्कर्षही निघतो. आडबंधांनी पक्के झालेले कोलॅजेन सुपारी सोडल्यावरही सहसा पूर्ववत होत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण खर्ऱ्यातून तंबाखू वगळला तरी सुपारी उरतेच. म्हणून व्यसन लवकर सोडविणे, तोंड किती उघडते याचे मोजमाप ठेवणे आणि बाधितांची तपासणी दीर्घकाळ चालू ठेवणे, ही प्रतिबंधाची पहिली पायरी होय.