तुसाची राख, शेवंतीची कळी

गणपतीत भाचा आला तो पिशवीत एक बाटली घेऊन. "आत्या, तुझ्या शेवंतीला घाल. फुलावर येणाऱ्या झाडाला हेच देतात." बाटलीवर गांजाचं पंजासारखं पान छापलेलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'सिलिका'.

मी त्याला जवळ बसवलं आणि आधी पानाचं बोलले. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. शेत असो की गच्चीवरची एक कुंडी, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोराला मित्रांच्या मोबाइलवर परदेशातल्या खोल्या दिसतात, दिव्यांखाली वाढवलेली झाडं दिसतात. कॅनडात २०१८ पासून ते कायदेशीर आहे, भांडुपमध्ये नाही. हे त्याला एकदा नीट, डोळ्यांत बघून सांगणं मला गरजेचं वाटलं.

मग बाटलीकडे वळले, कारण त्याचा प्रश्न चांगला होता. गांजाचं खत शेवंतीला का चालावं? दोन्ही झाडं लांब रात्रीची आहेत. दिवस लहान होऊ लागले, अंधार सलग मिळू लागला की ती कळीवर येतात. तिकडे खोलीतले दिवे बारा तास बंद ठेवून गांजाला फुलावर आणतात. इकडे शेवंती ऋतूच्या अंदाजाने आपोआप येते. कळी धरल्यावर दोघांच्या अडचणीही सारख्याच: वजनाने वाकणाऱ्या फांद्या, पानांवर भुरी, लाल कोळी. त्या अडचणींवरचा उतारा म्हणून सिलिका विकली जाते.

सिलिकेशी माझी ओळख जुनी. भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातल्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काम केलं. तुरटीने गाळ बसवायचा आणि वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं, हे रोज डोळ्यांसमोर. ती वाळू म्हणजेच सिलिका, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. पृथ्वीच्या कवचात वजनाने चौथा हिस्सा आणि वर थोडं सिलिकॉनच आहे. त्याहून जास्त फक्त ऑक्सिजन. मग झाडाला बाटलीतून कशाला द्यायचं? कारण वाळू विरघळत नाही. मुळांना लागतं ते पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल, आणि ते मातीत फार थोडं असतं.

आमच्या कोकणात तर त्याहूनही कमी. भांडुपच्या कोकणनगरातल्या आमच्या इमारतीत निम्मी घरं खेड, दापोली, मंडणगडकडची, आमचंही मंडणगडचं. गावाला भिंती जांभ्याच्या आणि माती तांबडी. हा जांभा मुळात सह्याद्रीचाच काळा पाषाण. त्या पाषाणात जवळजवळ निम्मी सिलिका असते. लाखो वर्षांच्या पावसाने ती विरघळवून समुद्राला नेली आणि मागे लोखंड, ॲल्युमिनियम राहिलं. म्हणून माती लाल. म्हणजे आमच्या पावसाने जमिनीतून जे सगळ्यात जास्त धुऊन नेलं, त्यात ही सिलिका आहे. आणि त्याच जमिनीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो ते भात, जे सिलिका सगळ्यात जास्त ओढतं. भाताच्या वाळलेल्या रोपाच्या वजनात दहा टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते.

भात कापताना पानाच्या कडेने बोट चिरतं ते याचमुळे. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठात जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ साली भाताच्या मुळातला तो दरवाजाच शोधून काढला, ज्यातून सिलिसिक आम्ल आत शिरतं. आत आलेलं आम्ल पाण्याबरोबर पानापर्यंत चढतं. पाणी वाफ होऊन उडतं, सिलिका तिथेच राहते आणि कातडीखाली काचेसारखा पातळ थर धरते. बुरशीचा तंतू त्या थरावर अडखळतो, किडीचे दात झिजतात, खोड ताठ उभं राहतं. रोग लागलाच तर सिलिका मिळालेलं झाड प्रतिकारही लवकर सुरू करतं. जपानने १९५५ सालीच धातूच्या भट्टीतली सिलिकायुक्त मळी भाताचं खत म्हणून मान्य केली होती.

आपल्याकडे हे काम डॉ. एन. के. सावंत यांनी केलं, आणि त्यांचं नाव भातशेतीबाहेर फारसं कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांची चारसूत्री भातलागवड कृषी खात्याने गावोगाव नेली. गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचणं ही तीन सूत्रं. पण पहिलं सूत्र आहे भाताचं भाताला परत देणं: रोपवाटिकेच्या वाफ्यात तुसाची काळी राख आणि शेतात पेंढा. हिशेब सोपा आहे. शंभर किलो भाताला साधारण वीस किलो तूस निघतं, ते जाळलं की चारेक किलो राख, आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका. हे तूस गिरणीवर राहतं, तिथून वीटभट्टीला जातं. शेतातून निघालेली सिलिका शेतात येतच नाही. सावंतांनी तिला परतीची वाट करून दिली. राखेच्या वाफ्यातलं आवण कणखर होतं, त्याला करपा आणि खोडकिडा कमी सतावतात.

आजी तुसाच्या राखेने दात घासायची आणि पितळेची भांडीही. राखुंडी दातांवर कराकरा वाजायची. ती कराकर सिलिकेची, हे मला पाण्याच्या नोकरीत आल्यावर कळलं.

राख काळी हवी, यावर सावंतांचा भर होता आणि त्याला कारण आहे. तूस मंद जळलं तर सिलिका विस्कळीत रूपात राहते आणि हळूहळू विरघळते. सातशे अंशांच्या पुढे तापलं की तिचे स्फटिक होऊ लागतात. ते मुळांच्या उपयोगाचे नाहीत आणि त्यांची धूळ छातीत गेली तर फुप्फुसांना धोका. म्हणून भट्टीची पांढरी राख मी घेत नाही, आणि काळी राखसुद्धा ओली करून, नाकाला रुमाल बांधूनच मिसळते.

आता बाटलीचं. आत होतं पोटॅशियम सिलिकेट. ते अतिशय अल्कधर्मी असतं. सिलिका वापरायला लागले त्या पहिल्या वर्षी असंच एक मी आधीच कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात ओतलं आणि बादली दुधासारखी पांढरी झाली. सिलिकेट कॅल्शियमशी जुळून त्याचा साका बनला, दोन्ही वाया गेले. तेव्हापासून साध्या पाण्यात आधी सिलिकेट, भरपूर पातळ, नीट ढवळून. मग पाण्याचा सामू तपासून खाली आणायचा. बाकीची खतं दुसऱ्या दिवशी.

द्यायचं कधी, यावर भाच्याशी बराच वेळ बोलले, कारण त्याला वाटत होतं फुलं आली की द्यायचं. नत्र जुन्या पानातून नव्या पानात जाऊ शकतं. सिलिका जिथे बसली तिथून हलत नाही. जून-जुलैत दिलेली सिलिका जून-जुलैच्या पानांत राहते. कळीखालच्या नव्या देठाला हवी असेल तर तो देठ वाढत असतानाच मुळाशी ती असली पाहिजे. म्हणून सुरुवातीपासून थोडी-थोडी, आणि कळी धरायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत न चुकता. भातातही पोटरीत येण्याच्या काळातली सिलिका सगळ्यात महत्त्वाची ठरली आहे. फुलं उमलल्यावर उशीर झालेला असतो. पाकळ्यांवर तर फवारूच नये, पांढरे डाग पडतात.

सगळ्याच झाडांना ती सारखी लागू होत नाही, हेही खरं. भात, ऊस ती ओढून घेतात. काकडी बऱ्यापैकी घेते. कॅनडातल्या लावाल विद्यापीठात रिशार बेलांजे यांनी भुरी आणि सिलिका यांचा अभ्यास काकडीवर केला. टोमॅटो जवळजवळ नाकारतोच. गांजाचं पान हाताला खरखरीत लागतं, पण त्याच्या केसांच्या बुडाशी चुन्याचे खडे असतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा त्यावरूनही तुकडा ओळखतात. त्यामुळे खरखरीत पान पाहून सिलिकेचा अंदाज बांधणं चूक.

माझ्या बारा शेवंत्यांपैकी सहांना दोन वर्षं राख आणि पातळ सिलिकेट दिलं, सहांना नाही. फुलांची संख्या सारखीच आली. फुलं मोठीही झाली नाहीत. फरक पडला तो देठात: परतीच्या पावसात वाऱ्याने राखेच्या कुंड्यांतली झाडं आडवी झाली नाहीत, आणि भुरी आली ती उशिरा आणि थोडी. एका गच्चीवरच्या बारा कुंड्यांवरून मी यापेक्षा जास्त सांगणार नाही. बाटलीवर मात्र 'मोठी, वजनदार फुलं' असं लिहिलं होतं. भाच्याला ती ओळ मी बोट ठेवून दाखवली.

बाटली परत पाठवली नाही, संपवली. पण नवी आणणार नाही. मंडणगडच्या गिरणीवर भावाला सांगून ठेवलंय, भातकापणी झाली की एक गोण तूस बाजूला ठेव. ते अंगणात मातीखाली मंद जाळून, काळी राख गोणीत भरून एसटीने येईल. कुंडीला एक मूठ, त्याहून जास्त नाही, नाहीतर माती अल्कधर्मी होते.

या वर्षी सहा कुंड्यांनी मात्र आश्विन अर्धा संपला तरी कळीच धरली नव्हती. राख, खत, पाणी सगळं तपासलं. रात्री साडेदहाला गच्चीवर गेले तेव्हा समजलं: रस्त्यावरचा नवा पांढरा दिवा नेमका त्या कोपऱ्यावर पडत होता, त्यांची रात्र होतच नव्हती. भाचा आणि मी त्या सहाही कुंड्या उचलून टाकीच्या सावलीत नेल्या. कार्तिकातल्या पहिल्या रविवारी त्याचा फोन आला, "आत्या, आली का गं कळी?" आली होती, हरभऱ्याएवढी, हिरवीगार.