ऑर्किडची जुनी कांडी कापू नका, तिथूनच नवं रोप येतं

मंडळी, घरच्या गॅलरीत ऑर्किड वाढवून विकायचा विचार असेल, तर सुरुवात डेंड्रोबियमने करा. पुण्याच्या हवेत ते फॅलेनॉप्सिसपेक्षा जास्त सोसतं.

फुलं संपली, पानं गळली की लोक जुनी कांडी मेली समजून कापून टाकतात. थांबा! कांडी टणक असेल तर तिच्यात अन्न-पाणी साठलेलं असतं, आणि पेरावर कधी कधी पिल्लू फुटतं. त्याची मुळं दोन-तीन इंच झाली की मगच वेगळं करा. घाई केलीत तर पिल्लू वाळतं, म्हणजे विकायचा मालच गेला.

माती अजिबात नको. आमरी मुळात झाडावर वाढणारी, तिच्या मुळांना हवा लागते. कोळसा, नारळाची सोडणं, विटांचे तुकडे, बस्स. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रोज सकाळी पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्या, नाहीतर नवा कोंब कुजतो.

कुंडी भरली की विभागणी करा, पण प्रत्येक भागात किमान तीन कांड्या ठेवा. एकेक कांडीची रोपं संख्येने जास्त दिसतात, पण फुलायला रखडतात. गिऱ्हाईक तर फूल बघूनच खिशात हात घालतं! ताम्हिणीच्या जंगलातली आमरी ओरबाडून आणणं हा धंदा नव्हे.

पिल्लाला फुलायला एक-दोन वर्षं लागू शकतात. भांडवल तेवढा काळ अडकणार, हे धरूनच किंमत लावा.