एक्मोवरच्या बाळाची नाडी का हरवते?

'बाळाला काचेत ठेवलंय' हे वाक्य आपल्या प्रत्येक वस्तीत ऐकू येते. त्याच्या पुढची पायरी मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. बाळाच्या मानेतून दोन नळ्या बाहेर येतात, एकीत काळपट रक्त, दुसरीत लालभडक. शेजारी यंत्र सुरू असते. आणि मॉनिटरवरची रक्तदाबाची रेषा, जी एरवी लाटांसारखी वरखाली होते, ती जवळजवळ सपाट झालेली असते. नातेवाईक हादरतात. कार्यकर्त्याला फोन येतो, "दादा, बाळ गेलं का? हे लोक आम्हाला सांगत नाहीत का?"

बहुतेक वेळा बाळ गेलेले नसते. हृदय आणि फुफ्फुसांचे काम बाहेरून करणाऱ्या या यंत्राला एक्मो म्हणतात. त्याने रक्ताचा रस्ताच बदललेला असतो. तो कसा बदलतो हे समजले तर त्या सपाट रेषेची भीती कमी होते आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात. म्हणून आम्ही हे थोडे खोलात लिहीत आहोत.

सुरुवात आईच्या पोटापासून करावी लागेल. तिथे बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो, फुफ्फुसे कामाला लागलेली नसतात. त्यामुळे रक्ताला फुफ्फुसे टाळून जायला दोन आडवाटा असतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक भोक असते, आणि फुफ्फुसाकडे जाणारी रोहिणी एका छोट्या वाहिनीने थेट महारोहिणीला जोडलेली असते. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे धावते आणि या आडवाटा हळूहळू बंद होतात.

काही बाळांत हे घडत नाही. बाळाने पोटातच शी केली आणि ती श्वासात गेली, जंतुसंसर्ग झाला, किंवा छाती-पोटामधला पडदा जन्मतःच अपुरा असला, की फुफ्फुसांतल्या वाहिन्या आवळलेल्याच राहतात. रक्त पुन्हा जुन्या आडवाटांनी जाते, ऑक्सिजन न घेताच. व्हेंटिलेटर आत हवा ढकलत राहतो, पण ती घ्यायला पुरेसे रक्तच तिथे पोहोचत नाही. दाब वाढवत नेला तर फुफ्फुसांना इजा होते.

१९७५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत, डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांच्यासमोर असेच एक बाळ होते. शी श्वासात गेलेली, व्हेंटिलेटर अपुरा पडत होता. आई मेक्सिकोहून आलेली होती आणि बाळाला मागे ठेवून निघून गेली होती. नर्सनी त्या मुलीचे नाव एस्पेरान्झा ठेवले, स्पॅनिशमध्ये 'आशा'. बार्टलेट यांनी तिला एक्मोवर घेतले. ती वाचली, मोठी झाली.

मूळ पद्धतीत मानेच्या उजव्या बाजूच्या नीलेतून नळी हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात जाते आणि अशुद्ध रक्त ओढून घेते. पंप ते एका पातळ पडद्यावरून नेतो, तिथे कार्बन डायऑक्साइड निघतो, ऑक्सिजन मिसळतो. रक्त कोमट करून मानेतल्या उजव्या रोहिणीतून महारोहिणीत परत सोडले जाते. तीन किलोच्या बाळात मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त असे फिरते. म्हणजे हृदयात आणि फुफ्फुसात जायला थोडेच उरते.

नाडी हरवते ती इथे. हृदय धडधडत असते, पण बाहेर टाकायला त्याच्याकडे रक्त कमी असते. पंपाचा प्रवाह मात्र नळाच्या धारेसारखा सलग असतो, त्याला ठोका नसतो. अवयवांना रक्त पोहोचत असते, लाट मात्र दिसत नाही. अर्थात सगळेच निर्धोक नसते. उलट दिशेने येणाऱ्या त्या धारेविरुद्ध डाव्या कप्प्याला जोर लावावा लागतो आणि काही बाळांचे हृदय थोडा काळ दमून अगदी क्षीण होते. म्हणून इकोने ते पुन्हापुन्हा पाहतात.

आम्हाला जास्त काळजीची वाटते ती मेंदूची बाजू. मानेतली उजवी रोहिणी अनेकदा बांधूनच टाकावी लागते. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. डावीकडची रोहिणी आणि मणक्यांतून वर येणाऱ्या दोन वाहिन्या त्यातून उजव्या बाजूलाही रक्त पुरवतात, आणि बहुतेकदा ते पुरते. पण या बाळांनी आधीच ऑक्सिजनची कमतरता सोसलेली असते. त्यात नळ्यांमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून हिपॅरिन चालू असते, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका राहतो. टाळूवरून वारंवार सोनोग्राफी करतात ती यासाठीच. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला सहसा एक्मोवर घेत नाहीत, तेही याच कारणाने.

दुसऱ्या पद्धतीत एकाच नळीत दोन मार्ग असतात आणि ती फक्त नीलेत बसते. रोहिणी वाचते, हृदय स्वतःच रक्त पंप करते, नाडी टिकते. शिवाय ऑक्सिजनयुक्त रक्त फुफ्फुसात गेल्याने आवळलेल्या वाहिन्या सैल व्हायला मदत होते. पण हृदयात ताकद हवी, आणि शुद्ध केलेले थोडे रक्त यंत्र पुन्हा ओढून घेते. बाळाला कोणती पद्धत लावणार आणि का, हा पालकांचा हक्काचा प्रश्न आहे.

फायदा किती? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत १८५ अत्यवस्थ नवजात बाळे होती. एक्मोच्या गटातल्या ९३ पैकी ३० दगावली, नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या ९२ पैकी ५४. फरक मोठा आहे, पण ती ३०ही विसरता येत नाहीत. यंत्र फुफ्फुसांना बरे करत नाही, त्यांना सावरायला वेळ देते.

आज नायट्रिक ऑक्साइड वायूमुळे बऱ्याच बाळांना इथपर्यंत यावे लागत नाही. ज्यांना लागते त्यांच्यासाठी भारतात ही सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांत आहे आणि खर्च लाखांत जातो. अत्यवस्थ बाळाला गाडीतून हलवणे हाच एक धोका असतो. त्यामुळे व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन टिकत नसेल तर 'दुसरीकडे न्यावे लागेल का' हे वेळीच विचारावे, शेवटच्या रात्री नाही.

रक्तदात्यांच्या यादीचा उपयोगही इथेच होतो. तीन किलोच्या बाळात सगळे मिळून जेमतेम पाव लिटर रक्त असते. नळ्या आणि पडदा भरायलाच अनेकदा तेवढे किंवा त्याहून जास्त लागते, आणि ते दुसऱ्या कुणाचे असते. पुढे प्लेटलेटही वरचेवर द्याव्या लागतात.

फुफ्फुसे सुधारू लागली की पंपाचा प्रवाह थोडा थोडा कमी करतात आणि मॉनिटरवर लाटा पुन्हा उठू लागतात. घरी आल्यावर मात्र तपासण्या सोडू नयेत. विशेषतः कानाची तपासणी पहिल्यांदा चांगली आली तरी काही वर्षे करत राहावी, कारण या मुलांचे ऐकणे पुढेही कमी होऊ शकते.