रमाबाईंच्या संसाराचा जमाखर्च

रमाबाई आंबेडकरांविषयी आपल्याकडे बहुतेक एकाच सुरात बोलले जाते: सोशिक, त्यागमूर्ती, बाबासाहेबांची सावली. 7 फेब्रुवारीला जयंतीच्या आणि 27 मेला स्मृतिदिनाच्या भाषणांत ही विशेषणे हमखास येतात. ती खोटी नाहीत, पण त्यांच्याआड एक गोष्ट दडून राहते. रमाबाईंनी नुसते सोसले नाही, त्यांनी एक घर चालवले. आणि ते घर चालले म्हणून एका माणसाला शिकता आले. बाबासाहेबांच्या शिक्षणाला हातभार लावणाऱ्यांत सयाजीराव गायकवाड, शाहू महाराज, मित्र नवल भथेना यांची नावे आदराने घेतली जातात आणि ती घ्यायलाच हवीत. परळच्या चाळीत राहणाऱ्या या बाईचे नावही त्याच यादीत घालावे लागेल. त्यासाठी गहिवरून जाण्याची गरज नाही, साधा हिशेब मांडला तरी पुरे.

रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. आईवडील लवकर गेले आणि पोरकी भावंडे नातेवाइकांच्या आधाराने मुंबईत आली. 1906च्या सुमारास, नऊएक वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले. मांडव नव्हता, कार्यालयही नव्हते. भायखळ्याचा बाजार रात्री उठला की मोकळ्या झालेल्या शेडमध्ये एका कोपऱ्यात नवऱ्याकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडची. बसायला दुकानांचे दगडी ओटे आणि खाली वाहते घाण पाणी. सकाळी बाजार भरायच्या आत सगळे आवरायचे होते. पुढे फेब्रुवारी 1913 मध्ये सासरे रामजी सकपाळ वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. थोरला यशवंत तेव्हा तान्हा होता. शिष्यवृत्ती विद्यार्थ्यापुरती होती. मागे राहिलेल्यांच्या पोटाची सोय तिच्यात नव्हती. ते परतले 1917 मध्ये.

खरा हिशेब लागतो तो त्यानंतरचा. 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये, म्हणजे त्या काळच्या परळमध्ये चांगलाच. इतक्या पगारात कुटुंबाला ऐसपैस राहता आले असते. पण ते राहिले इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, कारण लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते आणि त्यासाठी पै पै मागे टाकायची होती. 1920 मध्ये ते पुन्हा निघाले ते या शिलकीवर आणि शाहू महाराज व भथेना यांच्याकडून मिळालेल्या मदतीवर. मदत देणाऱ्यांची नावे इतिहासात नोंदली गेली. शिलकीचे काय? पगार नवऱ्याचा, हे खरेच. पण पगारातून शिल्लक पडते ती घरात काय शिजते, काय टळते आणि कोण मन मारते यावर. शिवाय 1921च्या नोव्हेंबरात लंडनहून लिहिलेल्या पत्रात ते पत्नीला कळवतात की, पैसे संपले तर जवळचे दागिने मोडून खा, आल्यावर परत करून देईन. घराकडची रसद तुटली तर शेवटचा आधार कोणाचा होता, हे त्या ओळीत स्वच्छ दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, रमाबाईंच्या हातचे आत्मकथन नाही आणि आठवणींवर श्रद्धेची पुटे चढली आहेत, मग पुरावा कशाचा धरायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बाबासाहेबांच्या नावावर फिरणारी भावुक पत्रे बाजूला ठेवून त्यांनी स्वतः छापलेले वाचावे. त्यांच्या ‘बहिष्कृत भारत’ या वर्तमानपत्राच्या फेब्रुवारी 1928च्या अंकात, या वर्तमानपत्राचे ऋण समाजावर नाही काय असा प्रश्न विचारताना, ते स्वतःच्या घरातली गोष्ट सांगतात. आपण परदेशी असताना जिने रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली, परतल्यावर आपल्या हलाखीत शेणाचे भारे डोक्यावरून आणायला जिने मागेपुढे पाहिले नाही, तिच्यासाठी दिवसातला अर्धा तासही आपण काढू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. एक तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. शेणाची ही हकिकत एरवी बाबासाहेब विलायतेत असतानाची म्हणून रंगवली जाते. ते स्वतः मात्र ती परतल्यानंतरची म्हणून लिहितात. म्हणजे हालांचा शेवट बॅरिस्टरकीने झाला नाही. वकिली होती, पण वेळ चळवळीला आणि वर्तमानपत्राला जात होता, आणि त्याची किंमत घर भरत होते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: बाईच्या सोसण्याचे गोडवे गाणे म्हणजे पुढच्या बायकांनाही सोसायला शिकवणे. यातले बरेचसे मला मान्य आहे. रमेश, गंगाधर, इंदू आणि 1926च्या जुलैत राजरत्न, अशी चार मुले या आईने गमावली. त्याला आदर्श म्हणणे क्रूरपणाचे आहे. राजरत्न गेल्यावर महिन्याभराने एका स्नेह्याला लिहिताना, आपण दोघे या धक्क्यातून सावरलो आहोत असे भासवण्यात अर्थ नाही, अशी कबुली बाबासाहेबांनीच दिली आहे. पण यावरचा उपाय रमाबाईंना विसरणे हा नव्हे. त्यांचे कष्ट ‘त्याग’ या खात्यातून काढून ‘काम’ या खात्यात लिहिले, तर गोडवे आपोआप थांबतात आणि देणे किती होते ते दिसू लागते. आणि त्या नुसत्या होकार भरणाऱ्याही नव्हत्या. नवरा अस्पृश्यतेविरुद्ध रान उठवत असताना त्या पंढरपूरला जायचे म्हणत राहिल्या. जिथे भक्ताला देवळाबाहेर उभे राहावे लागते त्या पंढरीला कशाला जायचे, आपण दुसरी पंढरी उभी करू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले. वारीची ती इच्छा पुरी झाली नाही, ही चुटपुट या कहाणीत राहतेच.

अशा हजारो बायका तेव्हा राबत होत्या, मग यांचेच कौतुक का, असेही कोणी विचारेल. फरक इतकाच की, इतरांच्या कष्टांची नोंद करणारे कोणी नव्हते आणि इथे खुद्द देणेकऱ्याने ती करून ठेवली आहे. दादरच्या ‘राजगृहा’त, ग्रंथांसाठी बांधलेल्या त्या घरात, रमाबाईंना जेमतेम वर्ष-दीड वर्ष मिळाले, तेही बरेचसे आजारपणात. 27 मे 1935 रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्या गेल्या. साडेचार महिन्यांनी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पुढे पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या, म्हणजे रमाबाईंच्या, स्मृतीला अर्पण केला, आणि अर्पणपत्रिकेत तिच्या चांगुलपणाबरोबरच, कोणी मित्र नसलेल्या टंचाईच्या दिवसांत तिने धीराने दिलेल्या साथीचा स्वच्छ उल्लेख केला.